दाराजवळचा खिळा

बाबा, तुमाले जाऊन अकरा वर्षं झाले. मी आजकाल गावोगाव जाऊन, डोकं साथ देत नाही अशा म्हाताऱ्या मानसांले कसं सांभाळायचं, ते त्यांच्या घरच्यांले सांगते. हसू नका. जिले तुमाले सांभाळता आलं नाही, तीच आता लोकांले शिकवून राह्यली.

तुमाले तो दिवस आठवत असेल का? मी चौथीत होती. तुमी भरवेलीच्या खाणीतून घरी आले, चुलीपाशी जेवाले बसले, आणि भाताचा दुसरा घास घेता घेता तुमचा हात खिशाकडे गेला. नंबराचा पितळी बिल्ला खिशातच राहून गेलता. खाली उतरताना तो खाणीच्या दाराजवळच्या खिळ्यावरून काढायचा आणि वर आलं का परत अडकवायचा, हा तुमच्या पाळीचा रिवाज. तुमी भरल्या ताटावरून उठले आणि सायकल काढली. आई म्हणे, उद्या नेऊन द्याल, जेवण तर करा. मीही मागं लागली. तुमी मले कधी रागवत नव्हते, त्या दिवशी रागवले. म्हणाले, "बाई, खिळा रिकामा दिसला तर मानूस खालीच आहे असं समजतात. त्याले शोधत मागचे लोकं घरी जात नाहीत." तुमी परत येईपर्यंत तुमचा भात वाळून गेलता. रिटायर झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी तोच बिल्ला तुमाले आठवण म्हणून देला.

मंग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मंग आई गेली हे, मंग माह्यं नाव. लोकं म्हणत, साठी बुद्धी नाठी, काहून एवढं मनावर घेते. हा आजार असतो, हे कोणाले माहीत होतं? संध्याकाळ झाली का तुमी मुठीत बिल्ला घेऊन घरभर फिरत. भिंतीवरून हात फिरवत, फाटकापर्यंत जात. मी तेव्हा शाळेत शिकवत होती, पोरांवर ओरडून थकून आलेली, घरी तुमच्यावर ओरडत होती. बाबा, तुमी रिटायर झाले, खाण संपली, बसा एका जागी. तुमी मान खाली घालून बसत आणि घडीभरानं परत उठत. मी हट्टी, तुमी माह्याहून हट्टी. एक दिवस मी तुमची मूठ उघडून बिल्ला हिसकला आणि तांदळाच्या कोठीत लपवला. वाटलं, बिल्लाच नसला तर फिरणं थांबेल. फिरणं थांबलं नाही. तुमी रिकामी मूठ घेऊन फिराले लागले. आणि एक दिवस माह्यासमोर उभे राहून लेकरासारखे विचाराले लागले, "बाई, मी वर आलो का?"

मी म्हटलं, गप बसा.

शेवटपर्यंत तुमी तेच विचारत राह्यले आणि मी शेवटपर्यंत उत्तर देलं नाही. मंग मागच्या वर्षी बालाघाटले शिबिर झालं. तिथं शिकवाले आलेली नर्स म्हणे, बहस मत कीजिए, देखिए वो ढूँढ क्या रहे हैं. सगळ्या बाया वहीत लिहून घेत होत्या. माह्या हातातला पेन तसाच राह्यला. तुमी बिल्ला शोधत नव्हते, बाबा. मी हिसकेपर्यंत तो तर तुमच्या मुठीतच होता. तुमी खिळा शोधत होते. आणि आपल्या दाराजवळ कॅलेंडरचा खिळा होता. ते कॅलेंडर मी कधी बाजूले केलं नाही.

आता मी प्रत्येक सभेत एका घरची गोष्ट म्हणून हे सांगते. मागच्या आठवड्यात भरवेलीले एका सुनेनं विचारलं, "मंग त्या पोरीनं काय केलं, मॅडम?" तिचा सासरा घरी तसाच फिरत होता. ती डोळ्यांत पाणी घेऊन माह्याकडे पाहून राह्यली होती. मी म्हटलं, पोरीनं दाराजवळ खिळा ठोकला, बापानं बिल्ला अडकवला, आणि हात धुऊन जेवाले बसला. सगळ्या बायांले बरं वाटलं. मलेही घडीभर बरं वाटलं, हे तुमाले सांगाले लाज वाटते.

बिल्ला माह्यापाशीच आहे. परवा कॅलेंडर काढून तो त्या खिळ्याले अडकवला आणि मोठ्यानं म्हटलं, हौ बाबा, आले तुमी वर. शेजारीण खिडकीतून विचारे, कोणाशी बोलून राह्यल्या? म्हटलं, कोणाशी नाही.

बुधवारी खैरलांजीले सभा आहे. ही चिठ्ठी तिथं वाचून दाखवावी असं आधी मनात होतं, पण ती घरीच राहील. तिथंही मी खिळा ठोकल्याचंच सांगीन, बाबा. दुसरं माह्यानं सांगवत नाही.