खळीचं भांडं

सोमवार, ता. ६

चि. भिंगरीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला. इथून गेलीस ती थेट अंथरुणात, म्हणे. पोटात कळा, जुलाब, डोकं जड. तुला गव्हाचा कणही सोसत नाही, म्हणून मी कढई नवी घेतली, झारा नवा घेतला, काकांना पाव खायला खाली आपल्या दुकानात पिटाळलं. तरी कुठे माशी शिंकली? जिवाला फार लागलंय गं. यापुढे माझ्या हातचं खायचं नाहीस. येशील तेव्हा स्वतःचा डबा आण. ठरवलं म्हणजे ठरवलं.

प्रकृती कळव.

मावशी


शुक्रवार, ता. १०

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

आज उठून बसले. यावर औषध नाही, असं डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. पाणी पीत पडून राहायचं आणि पोट निवलं की साधा भात. तेवढं केलं.

पडल्या पडल्या मी चोर शोधत होते. काल पुस्तक वाचताना पान उलटायला बोट जिभेला लावलं, तशी आई खेकसली, की ही घाणेरडी सवय कधी जाणार? आणि माझी ट्यूब पेटली! तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात मी काय करत होते? पुठ्ठ्यांना खळ लावायची, पानं मोजायची, दर पानाला बोट जिभेवर. काकांची खळ कशाची? मैद्याची! काखेत कळसा नि गावाला वळसा. तुझं जेवण निर्दोष आहे, मावशी. त्यावर मीच खळ चापली.

तेव्हा डब्याची शिक्षा मागे घे. ते वाचून मला दुखण्यापेक्षा जास्त रडू आलं होतं.

तुझी भिंगरी


मंगळवार, ता. १४

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले. मी हसता हसता डोळे पुसले. खळ खाणारं गिऱ्हाईक दुकानानं प्रथमच पाहिलं!

मैद्याचा डबा काकांनी त्याच दिवशी देऊन टाकला. आता तांदळाच्या पिठाची खळ शिजते. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या, दुसरी जमली. ढवळायला ते तुझाच नवा झारा उचलत होते, मी त्यांचा हात धरला. तुझ्या जागेवर बशीत ओला स्पंज ठेवलाय. बोट तिथे बुडव, जीभ बोलायला ठेव.

हे पाकीट नव्या खळीनं चिकटवलंय; लोभही तसाच घट्ट राहो. सुट्टी लागली की ये. आणि डबा आणलास तर दारातूनच परत पाठवीन.

मावशी