पत्र्याचे कान

मंगळवार, ४ मार्च

कानाचे डॉक्टर आज बराच वेळ बोलले. मी मान हलवत राहिलो. मग सवयीने डावीकडे वळलो — बायको काय ते सांगेल म्हणून. डावीकडच्या खुर्चीवर मुलगा होता. त्याने खिशातलं पेन काढून स्वतःच्या तळहातावर लिहून दाखवलं: "मशीन नको. कान वाहतो."

एवढंच? डॉक्टर इतके हातवारे करत होते ते एवढ्यासाठी? तिने घरी येईपर्यंत पुरेल इतकं सांगितलं असतं.

बॅटरीचं मशीन करून झालं. कानात घातलं की कान चिघळतो, काढलं की शिट्या मारतं. आता कायमचं ड्रॉवरमध्ये. उजवा कान केव्हाच गेला. जन्मभर पत्रा ठोकला, त्याने आपलं वसूल केलं. डावा अर्धामुर्धा आहे.

वाईट वाटायला हवं होतं. घरी येऊन चहा प्यालो. त्यात साखर नव्हती, हे कप धुताना लक्षात आलं.

बुधवार, ५ मार्च

काही नाही.

शनिवार, ८ मार्च

जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची तशीच आहे. माझ्या डाव्या हाताची. कुणी बसत नाही, कुणी हलवत नाही. समोर मुलगा. तो मिशीतल्या मिशीत बोलतो, त्यामुळे ओठ वाचावेत तर तेही दिसत नाहीत.

इतकी वर्षं माझं ऐकण्याचं खातं तिच्याकडे होतं. तो समोरून काहीतरी पुटपुटायचा, ती माझ्या कानाशी यायची — "तो विचारतोय, कंबर कशी आहे." "तो म्हणतोय, काल तुम्ही नव्हतात तर दुकान सुनं सुनं वाटलं." मी म्हणायचो, "बरं." झालं बाप-लेकाचं बोलणं! मी तसाही कमीच बोलतो. आपला आवाज किती मोठा निघतोय ते कळत नाही. ती हाताला चिमटा काढायची, "अहो, हळू, सगळी गल्ली ऐकतेय." मग बोलायचंच कशाला?

आज नातीने माझ्या कानात तोंड घालून विचारलं, "आजी सांगायची ते आता कोण सांगणार?" (नातीला आम्ही खारू म्हणतो. सतत काहीतरी कुरतडत असते.) कान अर्धा भरला, अर्धा ओला झाला. म्हटलं, "माहीत नाही."

डिसेंबरात ती गेली. अजून रडलो नाही. लोक म्हणतात, धीराचा माणूस आहे. धीर कसला! आत काही हलतच नाही, त्याला मी काय करू.

रविवार, ९ मार्च

सूनबाईने आज कानाशी ओरडून बातमी सांगितली. मुलाला दुसऱ्या गावी काम मिळालंय. नवं हॉस्पिटल होतंय, त्याचे एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचे. काही वर्षं तरी तिकडेच. महिनाअखेर सामानाचा ट्रक येणार.

म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा, बाबा. आलात तर मला आनंदच आहे. राहायचं असलं तर सोफेवाले आहेत शेजारी, त्यांच्याकडून जेवण येईल."

मी विचारलं, "तो काय म्हणतो?"

तिने खांदे उडवले. "त्यांना तुम्हीच विचारा ना!"

ती चांगली आहे. मनातलं बोलते, मोठ्याने बोलते. पण प्रश्न तिचा नाही. त्याला मी हवा आहे का? विचारलं, तर तो मिशीत काहीतरी बोलणार, आणि मी मान हलवणार. आणि नको असलेल्या घरात जाऊन अडगळ म्हणून पडायचं नाही, हे नक्की. त्यापेक्षा इथे दुकानावरची खोली बरी.

हे सगळं लिहिलं, पण जीव वरखाली झाला असं काही नाही. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट लिहितोय असं वाटतं.

सोमवार, १० मार्च

दुकानात नुसता बसलो होतो. बाहेर शेजारचा सोफेवाला गिऱ्हाइकाशी भांडत होता. कानामागे तळहात धरला — भांडण जवळ आलं. हात काढला — गेलं. पुन्हा धरला — आलं! यात नवीन काही नाही, सगळे बहिरे हेच करतात. पण हात भरून येतो. आणि हात तिथे अडकला की जेवायचं कशाने?

मग कात्री हातात घेतली. उभ्या आयुष्यात नरसाळी किती केली असतील. तेलाची, रॉकेलची, दुधाची. आवाजाचं एक केलं नव्हतं.

अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. तळहाताच्या मापाचे दोन तुकडे कापले, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने खोलगट केले. तारेने डोक्याला बांधले. खाली घसरले. सूनबाई चहा घेऊन आली, बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून आत पळाली. आरशात पाहिलं तर डोक्याला दोन पळ्या चिकटल्यासारख्या.

ती हसली, हे बरं झालं. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

गुरुवार, १३ मार्च

मुलाचा जुना हेडफोन अडगळीत सापडला. वायरी उपटल्या, बोंडं फेकली, डोक्यावरची पट्टी तेवढी ठेवली. तिला दोन्ही टोकांना फिरते सांधे आहेत. त्यावर पत्र्याच्या वाट्या रिव्हेटने बसवल्या. वाटी कानामागे बसते, कानाला जरा पुढे ढकलते, तोंड समोर. कानाच्या आत काही जात नाही. बॅटरी नाही, बटण नाही. बिघडायला त्यात आहेच काय?

पण कड धारदार राहिली. घातल्या घातल्या कानाची पाळी कापली. रक्त आलं. दुखलं असणार.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. कधीपासून, कोण जाणे. आत आला, माझ्या हातातून ते काढून घेतलं, आपल्या कामाच्या ओट्याशी गेला. पाठ माझ्याकडे. परत आणून समोर ठेवलं आणि कामाला गेला. बघतो तर सगळी कड बारीक तारेवर वळवलेली. अंगठा फिरवला. कुठे लागत नव्हतं.

सोफेवाल्याने आतून मऊ कापड चिकटवून दिलं.

शुक्रवार, १४ मार्च

पत्र्याचे कान घालून दुकानाबाहेर उभा राहिलो. सोफेवाल्याने विचारलं, "काय काका, परदेशी स्टेशनं लागतात का?" मग स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन, "कानामागून आली आणि तिखट झाली!" हे सगळं स्वच्छ ऐकू आलं. न आलं असतं तरी चाललं असतं.

फक्त समोरचं ऐकू येतं. पाठीमागे शून्य. तोंड फिरवेन तिकडचंच. नळाचं गळणं. खारूचं कुरतडणं — बिस्किटाला एवढा आवाज असतो? कागदी पिशवी तर कानठळ्या बसवते.

मग मुलगा समोर आला. म्हणाला, "मोठी कात्री कुठाय?"

मी बघतच राहिलो. घोगरा, जाड आवाज. अनोळखी. माझ्या डोक्यात तो आजवर तिच्याच आवाजात बोलत होता. त्याचा स्वतःचा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं.

त्याने पुन्हा विचारलं. मी बोट दाखवलं.

बुधवार, १९ मार्च

रोज जेवताना पत्र्याचे कान लावतो आणि त्याच्याकडे तोंड करून बसतो. पोलिसासारखा. आजवरची मिळकत अशी: "मीठ." "पुरे." "उद्या लवकर निघतो." खारूला: "सांडू नको."

कंबर कशी आहे? नाही. दुकान सुनं वाटतं? नाही. कालही नाही, परवाही नाही. ट्रकचं तर नावच नाही.

गिऱ्हाइकांनाही तो "उद्या या" यापलीकडे काही बोलत नाही. मी कान लावून दुकानात बसलो आणि बघितलं. खाण तशी माती, ते सोडा. पण ती वाक्यं या माणसाच्या तोंडात बसतच नाहीत. मापात येत नाहीत.

मग ती कोण बोलत होतं?

तीच. दुसरं कोण! समोरून "मीठ" यायचं आणि ती माझ्या कानात "कंबर कशी आहे" सोडायची. आणि मी "बरं" म्हणून तृप्त.

म्हणजे ठरलं. इथेच राहायचं. सोफेवाल्याला जेवणाचं सांगून आलो. काही वाटलं नाही.

रविवार, २३ मार्च

दुपारी जेवणं झाल्यावर खिडकीशी बसलो. पाठीमागे स्वयंपाकघर. दोघं भांडी घासत होती. मला मागचं ऐकू येत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझ्या पाठीमागे सगळे मोकळे असतात.

हेडफोनचे सांधे फिरतात. मी डोकं खाजवल्यासारखं केलं आणि दोन्ही वाट्या मागे वळवल्या. चोरून ऐकणं वाईट. पण भिंतींनाही कान असतात म्हणे, मग मलाच का नसावेत?

आधी नुसता भांड्यांचा खडखडाट. मग सूनबाई: "अहो, एकदा विचारा तरी त्यांना. सोफेवाल्यांना जेवणाचं सांगून आलेत."

बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मला वाटलं, संपलं.

मग तो घोगरा आवाज. "काय विचारू? आई होती तोवर कळायचं तरी त्यांच्या मनातलं. मी पहिला वळणाचा तुकडा केला ना डक्टचा, तेव्हा आई म्हणाली, बाबा म्हणत होते, पोराचा सांधा माझ्यापेक्षा बारीक आहे. हात मोडला तेव्हा म्हणायची, तू झोपलास की रोज विचारतात. तोंडावर कधी बोलले नाहीत, पण आईजवळ बोलायचे. आई गेली आणि माझ्याबद्दल बोलणंच बंद झालं. काहीतरी राग असणार माझ्यावर. ते नाही येणार."

एवढं लांब तो बोलू शकतो!

मी वाट्या पुन्हा पुढे केल्या. समोर रस्ता. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती.

मी असलं काही कधी बोललेलो नाही. तिच्याजवळही नाही. एकदाही नाही.

लबाड बाई! इकडे त्याचं खोटं, तिकडे माझं खोटं! दोघांना दोन ताटं वाढलीस आणि आपण मधे बसून राहिलीस! आणि असं अर्ध्यावर टाकून निघून गेलीस? आता आम्ही काय करायचं? राग आला मला तिचा — इतका की खिडकीचा गज धरून ठेवला. डिसेंबरापासून पहिल्यांदाच मला काहीतरी आलं.

सोमवार, २४ मार्च

तो वळणाचा तुकडा. सकाळपासून तोच डोक्यात आहे.

तेव्हा मुलगा तो संध्याकाळी टेबलावर ठेवून गेला होता. ती शेगडीशी उभी. मी उचलला, उजेडात धरला, सांध्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खाली ठेवला. बोललो काही नाही. पण मनात काय आलं होतं? हेच. पोराचा सांधा माझ्यापेक्षा बारीक आहे. जसंच्या तसं. थोडा हेवाही वाटला होता, तेवढं तिने गाळलं.

त्याचा हात मोडला तेव्हा मी काही विचारलं नाही, खरंय. पण काम टाकून रोज दुपारी घरी यायचो. म्हणायचो, पाणी प्यायला आलो. दुकानात माठ भरलेला असायचा. तिला ते माहीत होतं.

म्हणजे माझं तिने त्याला जे सांगितलं, ते मी बोललो नव्हतो. पण खोटं नव्हतं.

मग त्याचं तिने मला जे सांगितलं, ते?

आरशाखाली पत्र्याचे कान ठेवलेत. कडेवरून अंगठा फिरवला.

रडलो. आवाज किती मोठा झाला कोण जाणे, चिमटा काढायला कुणी नव्हतं. खारू दारात येऊन बघून गेली.

बुधवार, २६ मार्च

ठरवून त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, आज बोलायचंच. त्याने वर बघितलं. मी म्हणालो, "कात्रीला तेल घाल."

तो म्हणाला, "घातलंय."

आडातच नाही!

गुरुवार, २७ मार्च

जेवायला बसलो. पत्र्याचे कान लावलेले, तोंड त्याच्याकडे. खारू आपली जागा सोडून उठली आणि माझ्या डाव्या खुर्चीवर चढून बसली. थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी आली. पत्र्यावर तिचं नाक आपटलं.

"आजोबा, बाबा विचारतायत, कंबर कशी आहे."

तो काही बोलला नव्हता. मी समोरच बघत होतो, सगळं ऐकू येत होतं. त्याच्या तोंडात घास होता. तो चावायचा थांबला.

मी म्हटलं, "सांग त्याला — ट्रकमध्ये बसवेल इतकी बरी आहे."