तुझ्या खाटेखालचे तेलाचे डबे

दिनांक १४ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या तेलाने काडीचा गुण आला नाही. रक्त परत तपासलं तर कोलेस्टेरॉल होतं त्याच्याही वर गेलंय. तुझा जावई मोठा शहाणा. सूर्यफुलाचं तेल कोलेस्टेरॉल उतरवतं म्हणाला आणि तू डब्यावर डबा पाठवत सुटलीस. मी नाक दाबून ते घेतलं, आणि वर बोलणीही मीच खाल्ली.

काल लाँड्रीतून अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई नवी आहे, तुझ्या लेकीएवढी. कागद बघून म्हणाली, "मावशी, तेल कुठलं वापरता?"

"सूर्यफुलाचं. बहीण पाठवते."

"चांगलं आहे की. किती लागतं?"

"दोन चमचे. रोज सकाळी, अनशापोटी."

तिचं लिहिणं थांबलं. "पिता?"

"मग काय, इस्त्रीला लावू?"

हसली मेली. दाराशी उभी असलेली नर्सही हसली. अगं, तूच लिहिलं होतंस ना, हे तेल औषधासारखं काम करतं म्हणून? मग औषध कसं घेतात, तसं मी घेतलं.

मग तिने मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं. म्हणाली, तेल वरून पिऊन काही होत नाही. लोणी, तूप, ते घट्ट वनस्पती तूप, पामतेल, हे सगळं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. ते काढायचं आणि त्याच्या जागी सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं, मोहरीचं असं तेल घालायचं, तेही बेतानं. जागी आलं तरच गुण. जुनं तसंच ठेवून वर हे ओतलं, तर नुसतं अंग वाढतं.

"जेवणात काय असतं तुमच्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं, भाजी, भात, दोघींचं असतं तसंच.

"दोघी कोण?"

मी म्हटलं, सवयीने बोलले.

मग तिने विचारलं की भाजीला कुठलं तेल घालता. आता काय सांगणार? मी पिशवी आवरायला लागले. ती सोडेना. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी सोडेना. शेवटी सांगितलं तिला. तुला सांगायचं नव्हतं, पण तिला सांगून झालंय तर तूही ऐक.

तू लेकीकडे गेलीस तेव्हापासून मी शेगडी चहापुरतीच पेटवते. लाँड्रीच्या शेजारी बेकरी आहे ना, तिथला पफ दुपारी खाते आणि टोस्ट-लोणी रात्री. बेकरीवाला म्हातारा उरलेली बिस्किटं बांधून देतो, ती उभ्याउभ्या संपतात. आळस म्हणशील तर म्हण. दिवसभर हॉटेलच्या चादरी दाबून घरी आल्यावर एका माणसासाठी कांदा चिरवत नाही. आपल्यात कांदा मी चिरायचे आणि फोडणी तू द्यायचीस. ठसका लागला की मी शिव्या घालायचे आणि तू खिडकी उघडायचीस. आता खिडकी उघडीच असते.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "त्या पफमध्ये सगळं वनस्पती तूपच असतं, मावशी. आधी ते बंद करा." कळतंय मला. पण त्याच्या जागी काय आणू, ते तिच्याकडेही नाही.

पहिला डबा तेवढा पिऊन संपवला. बाकीचे तुझ्या खाटेखाली ओळीने उभे आहेत, सील न फोडलेले.

लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी जाते म्हणालीस. बाळ आता चालतं म्हणे. चालू दे, पळू दे, माझा काय त्याच्यावर राग आहे? पण दोन महिने उलटल्यावर तूच म्हणालीस, ते चालायला लागलं की येते. फोन केला की तू मोठ्या आवाजावर लावतेस, मागे जावई, विहीण, सगळे ऐकत असतात, आणि मी "बरी आहे" म्हणून ठेवते. म्हणून हे कागदावर.

तुझ्या जागी तेल आलं, धाकटे. गुण कसा यावा?

आता कामाचं. लाँड्रीत घड्या घालणारी एक बाई नवीन लागलीय, तिला राहायला जागा हवी आहे. तुझी खाट बघून गेली. स्वच्छ आहे, बोलते कमी, दोन्ही वेळा स्वयंपाक करते म्हणाली. डॉक्टरीणबाईला आवडेल. मी तिला हो म्हटलेलं नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही. ती तुझ्या उशीवर हात ठेवून "मऊ आहे" म्हणाली, तेव्हा मी उशी उचलून माझ्या खाटेवर टाकली. का ते मला विचारू नकोस.

मी नाही म्हटलं नाही, तर महिनाअखेरच्या रविवारी ती तिची पेटी घेऊन येईल. त्याच्या आदल्या शनिवारपर्यंत मला उत्तर पाहिजे, येणार की नाही, एवढंच. येणार नसलीस तर तसं स्पष्ट लिही, मी खाट देईन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. पण आणखी एक डबा पाठवलास, तर तो दारातून परत जाईल.

उशी अजून माझ्याकडेच असलेली,
तुझी ताई