बिनचुन्याचं मोरचूद

१२ ऑगस्ट, सोमवार

टोमॅटोचा अख्खा प्लॉट जळाला — रोगानं नव्हे, औषधानं! शनिवारी फवारलं. आज पानांच्या कडा तपकिरी, फुलं गळालेली. गोरखभावजी बांधावर नुसते बसून होते. सासूबाईंनी मोहिनीला धारेवर धरलं. "चुना घालायचा न्हाई व्हय गं? भाताच्या मुलखातनं आली अन् औषध कालवती!" मोहिनी माझी धाकटी जाऊ, घाटाकडच्या मढची. लग्नाला वर्षही झालं नाही. मान खाली घालून उभी होती.

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

१३ ऑगस्ट

इथं तरी खरं लिहावं. शनिवारी भावजी नारायणगावच्या बाजारात, फवारणीची माणसं खोळंबलेली. मोहिनीनं मला शाळेत फोन केला. "ताई, कॉपर आणलंय, निळं खडं हायेत. चुना किती घालू?" तासाची घंटा झाली होती. मी म्हटलं, "चुना नको, तसंच पाण्यात कालव." माझ्या डोक्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड! ती फिकट हिरवी पूड, पाण्यात विरघळत नाही, तिला चुना लागत नाही. निळे खडे म्हणजे कॉपर सल्फेट — आपलं मोरचूद. पाण्यात पुरतं विरघळतं, आम्लधर्मी. चुन्याशिवाय पान जाळणारच.

आणि फोन ठेवून आठवीला काय शिकवलं? तांब्याची संयुगं! "क्युप्रस एक, क्युप्रिक दोन" अशा संयुजा पोरांकडून घोकून घेतल्या. मोरचुदाची परीक्षानळी उंच धरून विचारलं, रंग कोणता? सगळा वर्ग ओरडला. मला मेलीला तेव्हाही उमगलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. घरी आले तर मोहिनीचे डोळे सुजलेले. विचारायचं धाडस झालं नाही.

१६ ऑगस्ट

आज सांगणारच होते. तेवढ्यात सासूबाई माझ्यासमोरच मोहिनीला म्हणाल्या, "प्रतिभा घरी असती तर असं झालं नसतं." सांगायचं राहिलं. वर कौतुक ऐकून घेतलं. शी!

१८ ऑगस्ट, रविवार

सांगितलं! जेवताना, सगळ्यांसमोर. "चुना नको असं मीच म्हटलं होतं." कोणी ऐकेना. सासूबाई म्हणाल्या, "जावेला पाठीशी घालती. लई मोठ्या मनाची हाय." भावजी म्हणाले, "वहिनी, तुमी केमिस्ट्रीच्या बाई. तुमी चुकाल व्हय?"

नंतर भांडी घासताना मोहिनी हळूच म्हणाली, "ताई, मीच फोनवर रंग सांगितला नसंल."

मी म्हटलं, "नसेल."