पहिल्यांदा वाचण्याची दुसरी वेळ

२ मार्च २०२५, रविवार. सकाळी ७.१०

नवी डायरी. म्हणजे पाइप कंपनीने मागच्या वर्षी दिलेली, तारखा खोडून वापरतोय. रिटायर होऊन सहा महिने झाले. तिथेच एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आता स्वतःला सांभाळायचं.

काल आमच्या जळगावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी घरी आले. २३ एप्रिलला पुस्तक दिन. विषय ‘माझं आवडतं पुस्तक’. वक्ता मी, एकटाच. (आधी दोघांना विचारलं होतं, ते मुलांकडे पुण्याला चाललेत. हे त्यांनी उगाच सांगितलं.)

पुस्तक अर्थात ‘तापीपल्याडचा पाहुणा’. १९९० साली धुळ्यात भाड्याच्या खोलीत वाचलं. लग्नाला वर्ष झालं होतं, मला कावीळ झाली होती. वाचलं म्हणजे सुलक्षणाने मोठ्याने वाचून दाखवलं, माझे डोळे दुखायचे. पण ऐकत मी होतो, म्हणजे वाचलं मीच. त्यानंतर तसं पुस्तक झालं नाही. आयुष्यात एकदाच तो आनंद मिळतो, पहिल्या वाचनाचा.

पण एकदाच का? विसरलं की पुन्हा पहिलंच!

संकल्प: १५ एप्रिलपर्यंत पुस्तक संपूर्ण विसरायचं. मग कोरं वाचायचं. मग ताजं भाषण.

सुलक्षणाला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि कुकर लावायला गेली.

३ मार्च, सोमवार

बदाम बंद. स्मरणशक्ती वाढवतात. सुलक्षणा म्हणाली, मग माझ्याकडे द्या. माझी डबी आता तिच्याकडे.

५ मार्च, बुधवार. दुपारी

जहांगीरभाईंकडे गेलो. शेजारीच राहतात, बाइंडिंगचं दुकान बाजारात. जुनी पुस्तकं कुठून कुठून आणतात. म्हणाले, नशीबवान आहात, याची नवी आवृत्ती आत्ताच निघालीये, मागवतो. मी सांगितलं, आलं की न दाखवता कागदात गुंडाळा, वरून टेप मारा.

त्यांनी चष्मा वर केला. “पढना नहीं है, तो मंगाना क्यों, साहब?”

समजावून सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. साखर जास्त घालायला सांगितली.

९ मार्च, रविवार

पद्धतशीर काम. काय काय विसरायचं त्याची यादी केली:

१) तापीपलीकडच्या गावात एका बाईच्या दारात माणूस येतो. म्हणतो, मी तुझा नवरा, नऊ वर्षांनी परत आलो.

२) गाव म्हणतं, हाच तो. सासू म्हणते, हाच तो. बाई काहीच म्हणत नाही.

३) शेवट. मराठीतला सर्वोत्तम शेवट. शेवटच्या पानावर तो विचारतो, तू मला ओळखलंस कधी? ती म्हणते, “पहिल्याच दिवशी. खऱ्याने आल्याबरोबर ताट मागितलं असतं. तू विचारलंस, तू जेवलीस का. तेव्हाच कळलं, तू तो नाहीस. म्हणून तर ठेवून घेतलं.”

लिहितानासुद्धा अंगावर काटा आला.

ही यादी रोज सकाळी वाचायची. म्हणजे काय विसरायचं ते विसरणार नाही.

१६ मार्च, रविवार

लेखकाचं नाव विसरलो! जोरदार प्रगती. सुलक्षणा म्हणाली, ते तुम्हाला कधीच माहीत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

दूध उतू गेलं. मी समोरच उभा होतो. विस्मरण सगळीकडे पसरतंय. चांगली खूण.

२६ मार्च, बुधवार

कामिनीचा वाढदिवस विसरलो. एकुलती एक मुलगी, नाशिकला असते. आईकडे तक्रार केली, माझ्याशी बोलली नाही. थोर कामात घरच्यांना सोसावं लागतं.

विस्मरण कुठवर आलंय ते बघायला शेवट आठवून पाहिला. अक्षरन् अक्षर आठवला.

३ एप्रिल, गुरुवार

पुस्तक आलं. गुंडाळलेलं, टेप मारलेलं. जहांगीरभाईंनी बाइंडिंगवाली टेप मारलीये, पूर आला तरी आत पाणी जाणार नाही. कपाटावर ठेवलं.

उन्हाचा चटका ४३. सुलक्षणाने गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला घेतलेत. जहांगीरभाईंच्या मदिनाभाभी मदतीला येतात. दोघी दिवसभर काय बोलतात कोण जाणे. मी गेलो की थांबतात.

११ एप्रिल, शुक्रवार

सुलक्षणाच्या बीपीच्या गोळ्या आणायला विसरलो, दुसऱ्यांदा. तिने स्वतः जाऊन आणल्या. इतक्या उन्हात. मी म्हणालो, मला आठवण करून द्यायची. ती म्हणाली, तुम्ही विसरायचं ठरवलंय, मध्ये कशाला येऊ?

समजूतदार बाई. असा पाठिंबा सगळ्यांना मिळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

मुदत संपली. सकाळी परीक्षा घेतली. शेवट आठवतो. सासूचा संवाद आठवतो. गेल्या महिन्यात रोज यादी वाचल्यामुळे आता तर पूर्वी आठवत नव्हतं तेही आठवतं.

मुदत एक आठवडा वाढवली.

२२ एप्रिल, मंगळवार

नवा निर्णय. भाषण आठवणीतूनच करायचं. खरं तर हेच मूळ नियोजन असायला हवं होतं. स्मरणशक्ती शाबूत आहे हे संघाचं भाग्य. पुस्तक न उघडता सोबत नेणार, टेबलावर शोभेल.

सुलक्षणाला म्हणालो, तू ये. ती म्हणाली, शेवट सांगणार आहात का? म्हटलं, त्याशिवाय भाषण कसलं? ती जरा अस्वस्थ दिसली. नका सांगू म्हणाली. लोकांना स्वतः वाचू द्या.

तिला साहित्याची एवढी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

२३ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ८

जे झालं ते लिहून ठेवतो, पुढे कोणी विपर्यास करायला नको.

हजेरी बेचाळीस. त्यातले थोडे कूलरसाठी आले होते. भाषण चाळीस मिनिटं. शेवट सांगितला. दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मग टाळ्या. सुलक्षणा तिसऱ्या रांगेत, मान खाली, कानापर्यंत लाल. अभिमान.

तेवढ्यात इंदिराबाई उठल्या. शाळेत मराठी शिकवायच्या, आता वय ऐंशी. म्हणाल्या, “प्रेमराजभाऊ, सुंदर बोललात. पण या पुस्तकाचा शेवट असा नाही.”

मी हसलो. म्हटलं, बाई, वय झालं की होतं असं.

त्या म्हणाल्या, पुस्तक टेबलावरच आहे, बघा ना उघडून.

टेप निघेना. सेक्रेटरींनी दात लावून पाहिले, कात्री आणली, शेवटी चहावाल्याचा सुरा. चार मिनिटं गेली. कोणी उठून गेलं नाही, जे एरवी जातात तेही.

शेवटचं प्रकरण मीच मोठ्याने वाचलं. फौजदार येतो. पाहुण्याला बेड्या. तो नवऱ्याचा चुलतभाऊ निघतो, जमिनीसाठी आलेला. मग अकरा पानं सातबाऱ्याबद्दल. बाई रडते आणि फौजदाराला ‘दादा’ म्हणते. समाप्त.

ताट नाही, जेवण नाही, काहीच नाही.

मी सांगितलं, नव्या आवृत्तीत प्रकाशकाने घोटाळा केलाय. इंदिराबाई म्हणाल्या, मी पहिलीच आवृत्ती वाचली होती.

आभार प्रदर्शन झालं नाही. नारळ मिळाला.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६

प्रकाशकाला पत्र लिहिलं, चार पानं. मूळ शेवट परत करा.

पुरावा हवा. १९९० ची प्रत सुलक्षणाच्या मोठ्या भावाची, चुडामण आबांची. पिंपळनेरला त्यांच्याकडेच असणार, ते काही टाकत नाहीत. शनिवारी जायचं.

सुलक्षणा म्हणाली, जाऊ द्या ना. एवढ्या उन्हात? म्हटलं, सत्याला ऊन लागत नाही. मग म्हणाली, मीपण येते.

२६ एप्रिल, शनिवार. पिंपळनेर

सकाळची बस, धुळ्याला बदलली, दुपारी पोचलो. आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाणी दिलं, मग माळ्यावरची पेटी काढली. पुस्तक होतं! तेच मुखपृष्ठ, होडी आणि कंदील.

मागून उघडलं. शेवटचं पान १७६. मधल्या वाक्यावर तुटलेलं: ‘तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि’.

आणि काही नाही. पुठ्ठा.

आबांना विचारलं, उरलेली पानं कुठे गेली? आबा म्हणाले, “शेवटना पानं पहिलेपासूनच नही शेतस. बठ्ठं (सगळं) वाचं मी. शेवट काय व्हयना, माले म्हाईत नही.”

म्हणजे ती पानं मला कावीळ झाली तेव्हाही नव्हती.

मी सुलक्षणाकडे बघितलं. ती वहिनीला कैऱ्या चिरायला मदत करत होती. खूपच बारीक चिरत होती.

२७ एप्रिल, रविवार. परतीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर वाकडं येतंय

साक्री सुटल्यावर विचारलं. सरळ विचारलं, शेवट कोणी सांगितला मला?

ती म्हणाली, “मीच. पानं नव्हती. तुम्ही तापात हट्ट धरून बसला होता, पुढे काय, पुढे काय. मग मी पुस्तक हातात धरून मनाचंच वाचलं.”

पस्तीस वर्षं बोलली का नाहीस?

ती म्हणाली, “तुम्ही प्रत्येक पाहुण्यासमोर कौतुक करायचात. लग्नात, साखरपुड्यात, ऑफिसच्या लोकांना. काय शेवट आहे, काय बाई लिहिलीये. मी चहा आणून ठेवायचे आणि ऐकायचे. बरं वाटायचं. माझ्या दुसऱ्या कशाचं तुम्ही एवढं कौतुक केलं नाहीत.”

विचारलं, ते ताटाचं आणि जेवलीस-काचं तुला सुचलं कसं? तिने खिडकीची काच सरकवली. म्हणाली, “दीड महिना तुम्ही पडून होता. मला विचार करायला वेळ होता.”

कुठून सुचलं असेल? लेखक लोकांचं काही सांगता येत नाही.

धुळ्याला उतरलो. बस स्टँडवर दोन उसाचे रस घेतले. माझा आधी प्यायलो. मग तिच्याकडे बघितलं आणि कसंतरीच झालं. उन्हाने असेल.

जळगाव यायच्या आधी ती सहज म्हणाली, “तसा तो शेवट मला फारसा पटला नव्हता. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलात, तेव्हा मी वेगळा सांगितला. तो खरा चांगला होता. पण तुम्ही झोपला होता.”

म्हणजे असा एक शेवट आहे जो मी ऐकलेलाच नाही. पहिलं वाचन शिल्लक आहे! काही विसरायची गरजच नाही!

२८ एप्रिल, सोमवार

प्रकाशकाला दुसरं पत्र. पहिलं रद्द समजावे.

सुलक्षणाला म्हटलं, सांग. म्हणाली, आज कुरडया आहेत.

३० एप्रिल, बुधवार

चहा मी केला. तिला नेऊन दिला. तिने घोट घेतला, साखर घालायला उठली. सांग म्हटलं. म्हणाली, नीट आठवू दे.

२ मे, शुक्रवार

भरीत केलं. वांगं असोद्याचं, मुद्दाम जाऊन आणलं. भाजताना जरा जास्त झालं, पण धूर खिडकीतून गेला. ती म्हणाली, चांगलं झालंय. मी म्हटलं, शेवट? ती म्हणाली, मीठ.

इंदिराबाईंचा फोन आला. माझ्यासाठी असेल म्हणून घेतला. सुलक्षणासाठी होता. अर्धा तास बोलल्या, त्या शेवटाबद्दलच.

६ मे, मंगळवार

संघाचं पत्र. पुढच्या महिन्यात ‘गोष्ट कशी सुचते’, वक्त्या सौ. सुलक्षणा प्रेमराज चौधरी. प्रास्ताविक मी. दोन मिनिटं, कंसात ‘फक्त’.

कामिनीचा फोन. आईचं अभिनंदन. माझ्याशीही बोलली. खूप हसली, पण बोलली.

११ मे, रविवार. दुपारी १२.४०

आज सांगते म्हणाली! जेवण झाल्यावर. त्याआधी गिरणीवरून ज्वारी दळून आणा.

धावत गेलो. रांग होती. परत आलो तर मदिनाभाभी ओट्यावर बसलेल्या आणि सुलक्षणा हात हलवून काहीतरी सांगत होती. मला बघून थांबली. पिठात बोट घातलं, म्हणाली, जाड दळलंय, परत टाकून आणा.

पुन्हा गेलो. गिरणीवाला म्हणाला, बारीकच आहे. तरी टाकून आणलं.

परत आलो तेव्हा मदिनाभाभी डोळे पुसत होत्या. जहांगीरभाईही कधी येऊन बसले होते कोण जाणे, तेही टोपी काढून हातात घेऊन. मी विचारलं, काय झालं?

मदिनाभाभी म्हणाल्या, “भाईसाहब, पूछो मत. पहली बार का मज़ा चला जाएगा आपका.”

सुलक्षणाला म्हटलं, आता मला सांग. ती म्हणाली, “एका दिवसात दोनदा नाही सांगता येत हो. दुसऱ्यांदा ती मजा राहत नाही, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?”

मग तिघांना चहा करा म्हणाली. केला. साखर बरोबर पडली, घालायला कोणी उठलं नाही.