दुकानाच्या गादीवरून न उठल्याबद्दलचा खुलासा

हुबळी, बुधवार

ती. वेणूअक्काच्या पायाशी दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घे. प्रत्यक्ष घातला तर मला परत उभं करायला दोन माणसं लागतील.) तुझी तब्येत, तुझा दमा, तुझी ती चिडकी मांजर, सगळं ठीक असेल अशी आशा. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ताजी बातमी आधी सांगतो. अप्पाजी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी येणार आहेत, प्रियाची सुपारी फोडायला. बातमी पक्की आहे. खुद्द अप्पाजींनी काल दुपारी मला ती सांगितली, आणि तीही उताणं पडून. आठ दिवसांपूर्वी ज्या माणसाने तुला फोन करून 'तुमच्या भावाच्या घरी आमचा सागर द्यायचा नाही' असं सांगितलं, तो काल माझ्या शेजारी उताणा कसा पडला, हे सविस्तर कळावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. गेल्या मंगळवारी 'दत्तू, तुझ्या पाठीत काय खुंटी ठोकली आहे काय रे, घरी आलेल्या व्याह्यांसमोर उठायला?' एवढं विचारून उत्तराआधीच तू फोन ठेवलास. स्थळ तू आणलेलं, तेव्हा तुझा राग मला मान्य आहे. खुंटी मात्र पाठीत नाही. ती उजव्या गुडघ्यात आहे आणि ठोकून तीन वर्षं झाली.

यातलं घरात कुणालाही माहीत नाही. कुसुमला नाही, प्रवीणला नाही, त्याच्या पोरीला, प्रियाला तर नाहीच. सकाळी उठलो की पहिली वीस मिनिटं माझी बोटं माझी नसतात. सदऱ्याची गुंडी लावायला मी देवघराचं दार लोटून घेतो, आणि बाहेर सगळ्यांना वाटतं की म्हाताऱ्याची पूजा लांबत चालली. (कुसुम शेजारणीला अभिमानाने सांगते, 'ह्यांचं देवाधर्माकडे फार लक्ष लागलंय.' देवही काही बोलत नाही.) नळ मी मनगटाने उघडतो. कापड फाडायचं तर आता कात्री घेतो. चाळीस वर्षं मी इरकलीचं लुगडं असो की खणाचं कापड, दोन बोटांत धरून एका झटक्यात सरळ फाडत आलो. तो टर्र आवाज ऐकून समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वळवायची. कात्रीला कोण मान वळवतं?

आणि गादी. आपल्या दुकानाची ती पांढरी गादी तुला माहीत आहे. अण्णांनी घातली तेव्हापासून तिच्यावर मालक मांडी घालून बसतो, खुर्चीवर नाही. माझी पद्धत अशी, की साडेनऊला बाजार जागा व्हायच्या आत बसायचं आणि दीडला शटर अर्धं ओढलं की उठायचं. मधले चार तास हलायचं नाही. लागणारा सगळा माल हाताच्या अंतरावर लावून ठेवला आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, मालकांचं धंद्यात केवढं लक्ष! उठायची रीत मी कुणाला दाखवत नाही. आधी कुशीवर व्हायचं, मग दोन्ही हात टेकून जनावरासारखं चौपायी व्हायचं, मग तिसऱ्या फळीला धरायचं, मग थोडा वेळ अण्णांची आठवण काढायची. एकूण सहा मिनिटं.

(इथे लिहिण्यात थोडा खंड पडला. विशेष काही कारण नाही. हे दुसरं पान.)

तर गेल्या आठवड्यात सोमवारी साडेअकराला, काही न कळवता, धारवाडहून अप्पाजी दुकानात आले. सागरचे आजोबा, मळमड्डीतले निवृत्त हेडमास्तर, बरोबर त्यांची मंडळी. अडतीस वर्षं हा माणूस वर्गात शिरला की चाळीस मुलं खाडकन उभी राहिली आहेत. सवयच ती. ते पायरीशी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी काय करू? त्यांच्या देखत कुशीवर होऊ? चौपायी होऊ? मी दोन्ही हात पसरले, जितकं हसता येतं तितकं हसलो आणि म्हणालो, 'बर्री, बर्री अप्पाजी! वर या, गादीवर बसा!'

ते बसले नाहीत.

मी तीनदा म्हणालो. ते तीनदा म्हणाले, 'इल्ल इल्ल, इथंच बरं आहे.' त्यांची मंडळी मात्र चपला काढून ऐसपैस बसली आणि तिने अकरा इरकली उलगडून पाहिल्या. एवढा सारा वेळ, म्हणजे चाळीस मिनिटं, अप्पाजी खांबाला हात लावून उभे. मला वाटलं, बघा कसा तोरा आहे, दुकानदाराच्या गादीवर बसायला कमीपणा वाटतो. त्यांना वाटलं, बघा कसा माज आहे, पोरीकडचा असून बूड हलवत नाही. जाताना मी पायरीपर्यंत पोचवायला गेलो नाही आणि त्यांनीही मागे वळून पाहिलं नाही. पुढचं तुला माहीत आहे. मंगळवारी सकाळी त्यांनी तुला फोन केला, तू मला केलास. मग मी प्रवीणकरवी त्यांना उलट निरोप धाडला, की ज्यांना आमची गादी चालत नाही त्यांना आमची पोर तरी कशी चालेल. हा निरोप मी गादीवरूनच धाडला. तेव्हा सव्वा वाजला होता आणि माझा गुडघा सुपाएवढा झाला होता.

त्या संध्याकाळी प्रिया माझ्याजवळ आली. तिला सागर आवडला आहे, हे सांगायची गरज नव्हती. ती कामावरून आल्यापासून फोन उलटा ठेवून बसली होती. ती म्हणाली, 'अज्जा, एकच विचारते. तुम्हाला उठता आलं नाही, की उठायचं नव्हतं?'

अक्का, त्या वेळी खरं बोललो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, 'उठायचं नव्हतं.' माजोरडा म्हटलेलं मला चाललं, लंगडा म्हटलेलं चालणार नव्हतं. पोरगी 'बरं' म्हणाली आणि न जेवता झोपायला गेली. (हे वाक्य लिहिताना पेन जरा थांबलं होतं.)

आता कालचं. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी विद्यानगरात एका दवाखान्यात गुडघा शेकायला जातो. घरी सांगितलं आहे की अमरगोळच्या मार्केट यार्डात बाबाजीकडे बसायला जातो. बाबाजी मिरचीचा अडत्या, माझा शाळेपासूनचा मित्र, विचारलं तर 'हो, आला होता' म्हणायला तयार असतो. एकदा कुसुम म्हणाली, 'इतक्या वेळा यार्डात जाता, कधी लसूण तरी आणा.' मी विद्यानगरातल्या गाड्यावरून पाव किलो लसूण घेतला आणि अमरगोळचा म्हणून दिला. तिने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, 'यार्डात आता पोत्यांऐवजी पाव किलोने लिलाव होतात वाटतं.' मी विषय बदलला.

दवाखान्यात रूपाली म्हणून एक मुलगी आहे, व्यायाम करून घेते. हात हलका, जीभ तिखट. काल तिने माझ्या गुडघ्याला शेक बांधला, वर यंत्राच्या तारा लावल्या आणि बजावलं, 'अज्जा, पंधरा मिनिटं हलायचं नाही.' पलीकडच्या खाटेवर पडद्याआड कुणीतरी मांडी आवळायचा व्यायाम करत होतं. दहापर्यंत मोजायचं असतं. पलीकडून कवायतीच्या आवाजात येत होतं, 'ओंदु! एरडु! मूरु!' सातावर आवाज बसला आणि म्हणाला, 'साकु, पुरे.' तीन वर्षं मी दहाच्या दहा मोजतो, अक्का. रूपाली तसं सगळ्यांना सांगतेही. मला राहवलं नाही. मी इकडून म्हणालो, 'अजून तीन राहिले की हो!'

पलीकडची खाट करकरली. मग, 'मध्ये कोण बोललं? उभा राहा!'

तो आवाज मी ओळखला. रूपालीने काय गोंधळ आहे म्हणून पडदा सर्रकन ओढला. शेजारच्या खाटेवर अप्पाजी. धोतर गुडघ्याच्या वर, डाव्या पायाला शेक, त्यावर तारा. इकडे मी, पायजमा गुंडाळलेला, उजव्या पायाला तारा. दोघांनाही उठून निघून जायची फार इच्छा होती. यंत्रावर चौदा मिनिटं उरली होती.

पहिली दोन मिनिटं आम्ही पंखा पाहिला. मग अप्पाजी पंख्यालाच म्हणाले, 'म्हणजे त्या दिवशी तुम्ही…'

मी म्हणालो, 'आणि तुम्ही तो खांब…'

'खांब नसता तर पडलोच असतो. गादीवर बसलो असतो तर मला उठवायला कोण येणार होतं, तुम्ही?'

'मी? आणि मला कोण उठवणार होतं?'

अक्का, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हेडमास्तर उताणा पडून हसताना मी पहिल्यांदा पाहिला. तारा सुटल्या, रूपालीने दोघांनाही झापलं आणि यंत्र पुन्हा पंधरा मिनिटांवर लावलं. त्यात सगळं ठरलं. ते रविवारी दहाला येणार. अट एकच, की दोन्ही घरांत गुडघ्यांबद्दल चकार शब्द निघायचा नाही. (त्यांच्या मंडळीला वाटतं ते हुबळीच्या वाचनालयात जातात.) मला ती अट फार आवडली. माणूस म्हणजे माणूस आहे. असे व्याही मिळायला भाग्य लागतं.

चूक एवढीच झाली, की भेट कुठे झाली असं घरी सांगायचं, ते ठरवायला आम्ही विसरलो. मी कुसुमला सांगितलं, अमरगोळात भेटले. त्यांनी घरी सांगितलं, वाचनालयात भेटले. संध्याकाळी दोघी बायकांचं आपसात बोलणं झालं. फोन ठेवून कुसुम स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अमरगोळात वाचनालय कधी निघालं हो?' तेव्हापासून ती माझ्याशी फक्त ताटाबद्दल बोलते.

बाकी क्षेम. मी कुणापुढे वाकलेलो नाही आणि वाकणारही नाही. तुझा राग गेला असेल तर कळव.

तुझा धाकटा भाऊ,
दत्तात्रय

ता. क. सुपारी फोडायला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर पाटावर बसावं लागतं, हा नियम तुला ठाऊक आहेच. आपल्या समाजात तो चाळीस वर्षं मीच लावून धरला आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मुलीचा मामा खुर्चीवर बसला, तेव्हा त्याला उठवणाराही मीच. आता आम्ही दोघे पाटावर बसलो तर जेवायच्या पंगतीपर्यंत तिथेच राहू. तेव्हा, तू सुताराकडून पूजेसाठी करून घेतलेला तो गुडघाभर उंचीचा पाट, ज्याला मी वास्तुशांतीच्या दिवशी सर्वांसमोर 'वेणूअक्काचं सिंहासन' म्हणालो होतो, तो पाठवावास. म्हणालो त्याबद्दल माफी. पाट दोन लागतील. जोडीचा दुसरा त्याच सुताराकडून शुक्रवारपर्यंत करवून घे. पत्र आणणारा बाबाजीच शनिवारी घेऊन येईल. तू बरोबर आलीस तर तीन कर.

आणखी ता. क. दुसऱ्या पानापासून अक्षर सुधारलेलं तुझ्या लक्षात आलंच असेल. पहिल्या पानाच्या शेवटी बोटांनी पेन सोडलं आणि ते गडगडत प्रियाच्या पायाशी गेलं. तिने उचललं, पान वाचलं, पुढचा कागद घेतला आणि म्हणाली, 'सांगा अज्जा, लिहिते.' म्हणजे 'घरात कुणालाही माहीत नाही' हे पहिल्या पानापुरतं खरं होतं. तिने सगळं लिहिलं, एक शब्द गाळला नाही. फक्त तिच्या न जेवण्याच्या वाक्याला थांबली. ते वाक्य काढूया का विचारलं, तर म्हणाली, 'राहू दे, खरं आहे.' आपल्या घरात असं माणूस आहे, हे जरा तुझ्या गडहिंग्लजभर सांग.

शेवटचं ता. क. प्रिया म्हणते, आजीला लसणाच्या दिवसापासून संशय होता आणि तिने दुसऱ्याच दिवशी बाबाजीला फोन करून सगळं काढून घेतलं. मला लाज वाटू नये म्हणून ती इतके दिवस शेजारणीला माझ्या पूजेचं सांगत होती. तेव्हा रविवारचं असं ठरलं आहे. दहाला अप्पाजी येतील तेव्हा मी आधीपासून दारात उभा राहणार नाही. मी बसलेला असेन. ते आत आले की सगळ्यांच्या देखत उठेन. सहा मिनिटं लागतील, तेवढा वेळ ते थांबतील. प्रिया हात पुढे करणार आहे, आणि तो मी धरणार आहे.