बाभळीवर पडलेली वीज

१३ मे, मंगळवार

आत्या गेल्या.

एवढंच लिहून वही मिटली होती. परत उघडली.

लग्न होऊन आले तेव्हापासून सासूला आत्याच म्हणत आले. सकाळी तीन माणसांची भाकरी बांधून दिली — आत्या, सासरे म्हणजे आबा, आणि जीवन. तिघं मेंढरं घेऊन माळावर गेलते. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, पण वहीत लिहिते. इथं कोण ऐकतंय.

चारच्या सुमाराला उमापूरकडून आभाळ काळं होत आलं. वारं असं सुटलं की पत्र्यावरचे दगड खाली आले. पाठोपाठ दोन पत्रे उडाले, ते शेजारच्या हनुमानभाऊंच्या मोसंबीत जाऊन पडले. मी सायलीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसले. गारा घरात पडत होत्या. मग एकच आवाज झाला, भुई हादरली. सायलीला म्हणलं, लांब पडली गं, लांब.

लांब नव्हती.

जीवन पळत आले तेव्हा अंगात शर्ट नव्हता. तो आत्यांवर घालून आले होते.

१४ मे

दुपारी गेवराईहून आत्यांना आणलं. चिरफाड करावी लागते म्हणे, नियम हाय. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

सकाळी तलाठी माळावर आलते. बाभळीखाली सव्वीस मेंढरं एकमेकांना चिकटून पडली होती, झोपल्यासारखी. तलाठ्यानं विचारलं, कोण कुठं होतं? आबा लगेच बोलले,

"मीच म्हणलं तिला, बाभळीखाली बस. मेंढरं बी मीच हाकली तिकडं. मी अन् जीवन मागं राहिलेली गोळा करत होतो."

तलाठ्यानं लिहून घेतलं. जीवन खाली बघत होते.

सारा जन्म माळावर काढला आबांनी! विजेच्या वेळी झाडाखाली जायचं नसतं, हे आमची आठ वर्षांची सायली सांगते. आबांना कळू नये?

१७ मे

धाकटा दीर अंगद पुण्याहून परवाच आलाय. आज भेटायला आलेल्या माणसांसमोर बापाला म्हणाला, "आईला तुमी मारलं." कुणी अडवलं न्हाई त्याला. मी पण न्हाई. मला तर बरं वाटलं, कुणीतरी बोललं एकदाचं.

आबा मान हलवत राहिले, हो हो म्हणल्यासारखी. जीवन उठून बाहेर गेले ते जेवायलाच आले.

२० मे

रोज पाऊस. उडालेल्या पत्र्यांच्या जागी प्लास्टिक बांधलंय, ते रोज फाटतं. पीठ भिजलं. सायली आभाळ गडगडलं की कानात बोटं घालून पडून राहते, शाळेला सुट्टी हाय म्हणून बरं. उरलेली अकरा मेंढरं चारा हुंगतात आणि तोंड फिरवतात.

आबा बाहेरच बसतात. भाकरी मी उंबऱ्यावर ठेवते, बोलत न्हाई. आज त्यांनी पाणी मागितलं. मी म्हणलं, "आत्या असत्या तर दिलं असतं." ते उठले, रांजणातून स्वतः घेऊन प्याले. तांब्या जागेवर पालथा घातला.

जीवन दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं.

२२ मे

दहावा झाला. अंगद गेला, बापाच्या पाया न पडता.

२४ मे

परत वादळ. ह्या वेळी राहिलेले पत्रेही गेले. दुपारचे तीन, पण दिवा लावावा असा अंधार. आम्ही हनुमानभाऊंच्या स्लॅबच्या खोलीत पळालो. आबा आले न्हाईत. ओढ्याकडच्या खोलगट जागेत मेंढरं घेऊन बसले, अंगावर घोंगडी पण नाही. दोन तास.

जीवन आणायला गेले. मी दारातून बघत होते. ते आबांसमोर चिखलात गुडघ्यावर बसले होते, हात जोडत होते. मला वाटलं, घरात चला म्हणतायत. आबा नुसती मान हलवत होते.

एक बी मेंढरू मेलं न्हाई. सगळी अकरा परत आणली.

२७ मे

आबांना ताप, खोकला, दम लागतोय. बीडला सरकारी दवाखान्यात आणलं. छाती पाण्यानं भरलीय म्हणे. जीवन खाटेजवळून हलत न्हाईत, पाय दाबत बसतात. मी मनात म्हणलं, आता कशाला एवढी माया?

२८ मे

फरक न्हाई.

२९ मे

आबा गेले. सकाळी नऊला. जीवन खाली औषध आणायला गेलते. मी एकटीच होते.

आबांनी जवळ बोलावलं. म्हणाले, "अंजना, जीवनला एकटं सोडू नको. ध्यान ठेव त्याच्यावर." मी बरं म्हणलं. आणखी एक शब्द बोलायचा होता मला, त्या दिवशीच्या पाण्यासाठी माफीचा. जिभेवर होता. नर्स आली आणि मला बाहेर काढलं.

अंगदला फोन केला. तो म्हणाला, बघतो.

२ जून

अंगद आला नाही. पाऊस थांबलाय. घर उघडंच हाय, वर बघितलं की आभाळ.

३ जून

जीवन आज बोलले.

त्या दिवशी माळावर आबा खोलगट जागेत बसा म्हणून ओरडत होते. आत्यांना गारा लागत होत्या, म्हणून हात धरून बाभळीखाली नेलं ते जीवननं. मेंढरं त्यांच्या मागं गेली. आत्यांना तिथं बसवून ते राहिलेली मेंढरं गोळा करायला मागं फिरले.

"आबा म्हणले, तुला अजून लई जगायचंय, ह्ये माझ्यावर राहू दे. मी राहू दिलं."